उद्या लवकर ये

आमच्याकडं एखाद्याला कामावरून काढलं की ‘त्याला नारळ दिला’ असं म्हणतात. मला खरोखरचाच दिला, शेंडीसकट. वर एक शाल. पाटोद्याच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायचो. मालकाचा बाप गादीवर होता तेव्हापासून होतो. सरकारी माणूस ज्या वयात घरी बसतो ते वय केव्हाच मागं पडलं होतं, पण खाजगी छापखान्यात ते कोण बघतो? चष्म्याचा नंबर वाढला की चष्मा बदलायचा आणि पुढची पत्रिका हातात घ्यायची. मग लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवायला लागले. त्यात नवरा-नवरी नाचतात, वरून फुलं पडतात, आणि ‘शुभविवाह’मधला ‘वि’ दीर्घ असला म्हणून कोणाचं लग्न अडत नाही. मालक मुलगा म्हणून चांगला. मशीन विकायच्या आदल्या दिवशी त्यानं मला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला आणि पायाला हात लावून म्हणाला, “काका, लई केलं तुमी. आता आराम करा.”

आराम हा शब्द मला तेव्हापासून शिवीसारखा लागतो. आराम करायला घरात दुसरं माणूस लागतं, जे म्हणेल की पुरे आता आराम, उठा. बायको जाऊन तीन-एक वर्षं झाली होती. लेक चौसाळ्याला दिलेली. ती म्हणायची, इकडंच या राहायला. पण लेकीच्या घरी चार दिवस जावं. पाचव्या दिवशी जावई काही म्हणत नाही, आपलंच आपल्याला जड व्हायला लागतं. मी पाटोद्यातच राहिलो. सकाळी दूधवाला यायचा. त्याच्याशी बोललेला पहिला शब्द घोगरा निघायचा, कारण आदल्या संध्याकाळपासून घसा वापरलेलाच नसायचा. तो नारळही कितीतरी दिवस देवळीत पडून होता. एकट्यानं नारळ फोडायचा, एकट्यानं खोबरं खायचं, हे काही मला जमेना. शेवटी आतून वाळून खुळखुळ वाजायला लागला तेव्हा देवळात नेऊन ठेवला.

पैशाची ओढाताण होतीच, नाही असं नाही. छापखान्यातल्या माणसाला पेन्शन कुठली? पण खरं सांगायचं तर मी काम शोधायला निघालो ते त्यासाठी नव्हे. मी दिवसभर घरातून बाहेर पडलो नाही, तरी ते कोणाच्याही लक्षात येत नव्हतं, याची मला भीती वाटायला लागली होती. एकदा ताप आला आणि दोन दिवस अंथरुणात गेले. तिसऱ्या दिवशी बाहेर आलो तर दूधवाला एवढंच म्हणाला, “कुठं गावाला गेलते का?” त्या दिवशी ठरवलं की आपल्याला कुठंतरी जायचं आहे, जिथं आपण उशिरा पोचलो तर कोणीतरी चिडेल. काम कसलंही असो.

पहिल्यांदा मेडिकलवाल्याकडं गेलो. त्याच्या लग्नाची पत्रिका माझ्याच हाताखालून गेलेली. एकोणीस चुलते होते त्याला, आणि एकही नाव खालीवर झालं असतं तर मांडवात वाजली असती. मी दुकानात शिरलो तसा तो गल्ल्यावरून उठला, पाया पडला, चहा मागवला. मी म्हटलं, चिठ्ठ्या वाचायला, हिशोब लिहायला माणूस पाहिजे असं ऐकलंय. त्यानं जीभ चावली. “काका, तुमाला काम सांगायचं म्हणजे मला पाप लागंल. तुमी नुसतं येऊन बसत जा की. दुकान तुमचंच हाय.” चहा मात्र फक्कड होता.

पेट्रोल पंपावर गेलो तर तिथल्या मॅनेजरनं मला सावलीत नेऊन बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. मी काम मागायला आलोय हे त्याला पटवायला मला दोनदा सांगावं लागलं. त्याला वाटलं मला चक्कर आलीय.

सगळ्यांवर कडी केली ती शिकवणीच्या क्लासवाल्यानं. त्याच्या जाहिरातीच्या बोर्डावर ‘विद्यार्थी’ चुकलेलं होतं, ‘गुणवत्ता’ चुकलेलं होतं. मला वाटलं, इथं आपली गरज आहे. त्यानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं. मी दाढी करून, टोपी धुऊन गेलो. तिथं स्टेज होतं, मंडप होता आणि ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होता. माझं नाव माइकवरून पुकारलं. दुसरी शाल, दुसरा नारळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आलो आणि दोन्ही शाली एकावर एक ठेवून कपाट लावलं. कपाट लावताना इतका राग आला की कडी तुटून हातात आली.

रागात का होईना, एक गोष्ट मला उमगली. आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाला मान देतात आणि तो खरा असतो, त्यात खोट नाही. पण मान दिला की काम सांगता येत नाही. ज्याला ‘अहो काका, तुम्ही’ म्हणायचं त्याला ‘ते पोतं उचला’ कसं म्हणणार? जीभच उचलत नाही. मला कोणी हाकलत नव्हतं. जो तो खुर्ची पुढं करत होता, आणि त्या खुर्चीत बसून बसूनच मी संपणार होतो.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. त्या बाजाराला पाटोद्यात पाय ठेवायला जागा नसते. मला काही घ्यायचं नव्हतं, पण गर्दीत उभं राहिलं की निदान कोणाचा तरी धक्का लागतो, म्हणून मी बाजारात जायचो. ऊन चढलं तसा एका दुकानाच्या पत्र्याखाली टेकलो. ते दाव्या-कासऱ्यांचं दुकान. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी आणि कासरा म्हणजे बैल हाकायचा लांब दोर, एवढं मलाही माहीत होतं. बाकी तिथं वेसणी, घुंगरमाळा, झुली, शिंगांचे गोंडे, एका कोपऱ्यात घोंगड्या, असं काय काय होतं. दुकान एक म्हातारी चालवायची. ऐंशीच्या घरातली, काळीसावळी, कपाळावर हिरवं गोंदण. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. नवऱ्यानं कधीतरी मेंढरं विकून दुकान टाकलं आणि तो गेल्यावर तिनं ते एकटीनं ओढलं, हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ती घुंगरमाळांचा जुडगा घेऊन टाचा उंचावून हुकाला अडकवायला बघतेय आणि हात पुरत नाही.

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. पांढऱ्या मिशा, टोपी, चष्मा, सगळं पाहिलं असणार.

“येवढा उंच हायेस की,” ती म्हणाली. “मग बगत काय ऱ्हायलास? अडकीव ह्ये.”

मी अडकवल्या. तिनं झुलींचा गठ्ठा पायानं माझ्याकडं सरकवला. तो सोडला. मग तिनं गिऱ्हाईकाला गोंडे दाखवायला सांगितले, ते दाखवले. दुपारी तिनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि वर मिरचीचा ठेचा. मी कोण, कुठला, हे तिनं दिवे लागेपर्यंत विचारलं नाही. मग विचारलं तर मी म्हटलं, छापखान्यात होतो. ती म्हणाली, “म्हंजी कागदाचा मानूस. तरीच गाठ मारता यीना.”

मी तिला मावशी म्हणून हाक मारली तर तिनं डोळे वटारले. “मावशी कावून? तुज्या माईची भन हाय का मी? बाई म्हन.”

अंधार पडायला लागला तसं ती म्हणाली, “वाढीव दुकान.” आता हे मी सांगायला नको, पण नव्या पोरांना कदाचित ठाऊक नसेल. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा मालवायचा नाही, वाढवायचा. तसंच दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. ‘बंद’ हा शब्द त्या म्हातारीच्या दुकानात कोणी उच्चारला तर ती त्याला पाणीसुद्धा विचारायची नाही. मी माल आत घेतला, शटर ओढलं. निघालो तर मागून आवाज आला.

“उद्या लवकर ये. आज बाजार बगाया आल्यावानी आलतास.”

रस्त्यानं येताना माझे डोळे भरून आले. या वयाच्या माणसानं भर रस्त्यात रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी नाक शिंकरल्याचं सोंग केलं. इतक्या जणांनी मला बसा म्हटलं होतं. उद्या ये असं कोणी म्हटलं नव्हतं.

पगार तिनंच ठरवला आणि वेळेवर दिला. ती मला ‘छापखान्या’ म्हणायची. “ए छापखान्या, कासरा काढ.” “ए छापखान्या, झोपलास का?” तिच्या लेखी मी पोरसवदाच होतो, कारण तिच्यापुढं मी होतोच लहान. गिऱ्हाईकं मला काका म्हणायची, शेजारचा चहावाला काका म्हणायचा, आणि ती त्या सगळ्यांच्या देखत मला ‘अरे’ म्हणून कामाला पिटाळायची. चहावाल्याला ते बघवत नसे. तो हळूच म्हणायचा, “काका, म्हातारीचं मनावर घेऊ नका.” त्याला काय सांगणार? मी सकाळी तेवढ्यासाठीच उठत होतो.

बाजाराचा दिवस सोडला तर दुकानात शुकशुकाट. ट्रॅक्टर आले तशी दावणी रिकाम्या झाल्या, गिऱ्हाईक दिवसाला दोन नाहीतर तीन. पण बाजाराला दावी खपायची, कारण आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं गेलं की दावणीची बरकत जाते म्हणतात. विकणारा दावं सोडून घेतो, घेणाऱ्यानं आपलं नवं आणायचं. म्हणजे एका बैलाच्या व्यवहारात आमच्या दुकानाला एक गिऱ्हाईक ठरलेलं. आणि दुसरा माणूस, ज्यानं विकला, तोही आमच्याकडंच यायचा. रिकामं दावं हातात घेऊन पत्र्याखाली बसायचा, गाडीची वाट बघत.

असा पहिला माणूस आला तेव्हा मी आपला दुकानदारी थाटात विचारलं, “काय पाहिजे?” त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तो गेल्यावर म्हातारीनं मला झाडलं. “इकून आलेल्या मान्साला काय पायजे म्हून इचारू न्हाई. त्याला जे पायजे त्ये आपल्याकडं नस्तंय. पानी द्यावं आन् गप बसावं.” तेव्हापासून मी तांब्या भरून ठेवायचो. माणूस पाणी प्यायचा, दाव्याची गुंडाळी मांडीवर घेऊन बसायचा, आणि आम्ही तिघं रस्त्याकडं बघत राहायचो.

आम्ही दोघंही फार बोलायचो असं नाही. ती आपल्या पायांकडं बघत बसायची, मी बोर्डांकडं. समोरच्या चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचो. एवढीच माझी करमणूक. संध्याकाळी घरी गेलो की तेच कुलूप, तीच शांतता. एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. तो घरी माझी वाट बघत बसलेला असायचाच. पण सकाळी त्याला कुलपात ठेवून जाता येत होतं.

एकदा मात्र माझ्या मनात खूळ शिरलं. गुडघा खरंच दुखत होता, पण चालत जाण्याइतका बरा होता. मला वाटलं, बघू तरी, उशीर केला तर म्हातारी चिडते का. मुद्दाम अंघोळ लांबवली, दोनदा चहा केला. दहाच्या पुढं निघालो तर वाटेत चहावाला समोरून सायकलवर येताना दिसला. “तुमच्याकडंच निघालतो,” तो म्हणाला. “म्हातारीनं धाडलं. म्हनली, बघून ये मेला का काय.” मी दुकानात पोचलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “कावून उशीर?” मी गुडघ्याचं सांगितलं. “गुडगे मलाबी हायेत,” ती म्हणाली, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटली. परत असलं काही केलं नाही.

दिवाळी सरली आणि ती विसरायला लागली. आधी मोड देताना गोंधळ व्हायचा, ते मी सांभाळून घ्यायचो. मग मला विचारायला लागली, “मालक आले का रं बाजारातनं?” मालक म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन कैक वर्षं झाली होती. मी म्हणायचो, येतील. पण मला खरी धास्ती बसली ती एका बाजारी. एक माणूस बैल विकून, रिकामं दावं घेऊन पत्र्याखाली टेकला. मी तांब्या घेऊन उठलो, तेवढ्यात ती त्याला म्हणाली, “काय पायजे रं बाबा? दावं दिऊ का?” आणि भिंतीवरचं नवं दावं काढून त्याच्या पुढं धरलं. त्या माणसानं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि तिच्या पायाशी ठेवून निघून गेला. ती कितीतरी वेळ त्या दाव्याकडं बघत होती. मी रात्री लेकीला फोन केला, पण हे काही सांगितलं नाही. नातवाच्या शाळेचं विचारलं.

मग तिचा मुलगा आला. तो पुण्याला कंपनीत आहे. पन्नाशीचा, टापटीप, आईवर जीव असलेला. त्यानं आईला बीडला नेऊन डॉक्टरला दाखवलं आणि चार दिवसांनी सकाळी दुकानात आला. म्हातारी तिच्या नेहमीच्या पोत्यावर बसली होती. तो माझ्या पायाला हात लावायला वाकला, मी मागं सरकलो. मग तो जरा घुटमळला, आईकडं बघितलं आणि म्हणाला, “काका, आईला घेऊन जावं म्हणतो पुण्याला. आणि दुकान आता वाढवावं म्हणतो. तुमी हायेतच. तुमची मदत लागंल.”

म्हातारी म्हणाली, “वाढीव की मग.” आणि पदर सावरून उठायलाच लागली. सकाळचे नऊ वाजले होते. मला हसू आलं. म्हटलं, हिला आता सकाळ-संध्याकाळही कळेना.

मी मुलाला म्हटलं, वाढवा, चांगलंच आहे, मी आहे. आणि मनापासून म्हटलं. शर्ट खोचलेला, पुण्याहून आलेला माणूस. त्याच्या तोंडी वाढवणं म्हणजे मोठं करणं, असंच मी धरून चाललो. म्हातारी म्हणाली असती तर क्षणात कळलं असतं. पण मला हवं तेच मी वाचलं. जन्मभर लोकांच्या पत्रिकांतलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं आणि हे एक वाक्य वरवर वाचून पुढं गेलो.

पुढचे दोन दिवस मी हवेत होतो. घरी बसून विचार केला की शेजारचा गाळा घेतला तर घोंगड्या वेगळ्या लावता येतील. शेळ्यांच्या दोऱ्या, कुत्र्यांचे पट्टे ठेवता येतील. रंगाऱ्याकडं जाऊन नव्या बोर्डाचं विचारून आलो, आणि त्याला बजावलं की ‘घुंगरू’चा ‘रू’ दीर्घ, मी स्वतः तपासल्याशिवाय रंगवायचं नाही. चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, म्हंजी आता तुमीच मालक.” मी नको-नको म्हटलं, पण आवडलं. लेकीला फोन केला आणि म्हटलं, आमचं दुकान वाढतंय. ‘आमचं’ हा शब्द माझ्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघाला होता. लेक म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज किती बरा वाटतोय आज.”

तिसऱ्या दिवशी दुकानापुढं टेंपो लागला. मला वाटलं, माल आला.

मी पुढं होऊन टेंपोत डोकावलो. आत नुसती रिकामी पोती. ड्रायव्हर उतरला आणि दुकानात शिरून घुंगरमाळा हुकांवरून काढायला लागला. मी त्याला म्हटलं, अरे, त्या राहू दे, त्या विकायच्या आहेत. त्यानं मुलाकडं पाहिलं. मुलानं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कुठं मला तो शब्द कळला. बोलणार तरी काय होता बिचारा? आईच्या देखत बंद कसं म्हणणार? त्यानं तिच्याच तोंडचा शब्द वापरला होता. म्हातारीला तो बरोबर कळला होता. माल तलवाड्याच्या एका व्यापाऱ्यानं ठोक घेतला होता.

मी झुलींच्या गठ्ठ्याला हात घातला. मुलगा धावला. “काका, तुमी कशाला? तुमी बसा.” मी ऐकलं नाही. झुली चढवल्या, घोंगड्या चढवल्या. दाव्यांच्या गुंडाळ्या मीच बांधलेल्या होत्या, त्या एकेक करून दिल्या. हुक तेवढे भिंतीत राहिले. टेंपो गेल्यावर चहावाल्यानं चहा आणून दिला आणि माझ्याकडं न बघता कप घेऊन गेला. संध्याकाळी मी रंगाऱ्याकडं जाऊन सांगितलं की बोर्ड नको. त्यानं विचारलं, कावून? मी म्हटलं, काम निघालं दुसरं. लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, दुकान कसं चाललंय, आणि मी म्हणतो, चाललंय.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी म्हातारीला भेटायला तिच्या घरी गेलो. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत, जरा पुढं. ती ओसरीवर बाजेवर बसली होती, नवं लुगडं नेसून. आत सुनेची बांधाबांध चालली होती. मी पायरीवर चपला काढल्या तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. माझ्यासमोर तिनं तसं कधी केलं नव्हतं.

“या, बसा,” ती म्हणाली. “कुण्या गावचं पाव्हनं?”

मी बसलो. तिनं आत हाक मारून पाहुण्याला पाणी आणायला सांगितलं. सुनेनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं केविलवाणं बघून आत गेली. मी पाणी प्यायलो. म्हातारी आदबीनं, जरा बाजूला बघत बसली होती, परक्या पुरुषासमोर बसावं तशी. मला घराच्या कुलपाची आठवण झाली. ही शेवटची जागा होती जिथं मला कोणी काम सांगत होतं, आणि तिथंही मी आता पाहुणा होतो.

“तुमी कोन म्हनायचं?” तिनं पुन्हा विचारलं.

“मी कामाला आहे, बाई,” मी म्हटलं.

“कुनाकडं?”

“तुमच्याकडंच.”

तिनं तोंड वळवून माझ्याकडं नीट बघितलं. ओळख पटली नव्हती, ते मला दिसत होतं. पण कपाळावर आठी आली, आणि पदर मागं सरला.

“आमच्याकडं कामाला हायेस,” ती म्हणाली, “आन् हितं बसलास कावून? ऊठ. बाजार भरला आसंल.”

त्या दिवशी बाजार नव्हता. मी उठलो. चपला घातल्या आणि रोज जायचो तसा दुकानाच्या दिशेनं निघालो. तिच्या ओसरीवरून गल्लीच्या वळणापर्यंत दिसतं, म्हणून वळण येईपर्यंत गुडघा आवरून झपझप चाललो. वळणाच्या पुढं घाई करायचं काही कारण नव्हतं.